लेकीचा ऑनलाइन कोर्स

ऑफिसात सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण आलं की सगळ्यांना ताईसाहेब आठवायच्या. आग विझवणं असो, नाहीतर खुर्चीत ताठ बसणं असो, चहा निवायच्या आत त्या कोर्स उरकून द्यायच्या. आवाज बंद करून व्हिडिओ पळवायचा आणि जे उत्तर सगळ्यात गुळगुळीत दिसेल त्यावर बोट ठेवायचं. साहेबांचा प्रामाणिकपणावरचा कोर्ससुद्धा साहेबांच्या नावाने त्यांनीच पूर्ण केला होता, आणि साहेब त्यात पहिले आले होते.

त्यामुळे लेकीच्या शाळेतून 'अन्नाशी मैत्री' हा ऑनलाइन कार्यक्रम आला तेव्हा ताईसाहेबांचे हात शिवशिवले. या वयात पोरी उपाशी राहतात, खाल्लेलं ओकून टाकतात, ते वेळीच ओळखून थांबवायचं, असा त्याचा हेतू. प्रत्येक मुलीने एकटीने बसून करावा, असं शाळेने बजावलं होतं. पण पोरीची परीक्षा तोंडावर आलेली. शिवाय असली थेरं आपल्या घरात कुठली? उलट गेल्या काही महिन्यांत लेक कशी छान शिडशिडीत झाली होती! ताईसाहेब आल्यागेल्याला तिचा जुना गुबगुबीत फोटो दाखवून "ओळखा पाहू ही कोण?" असं विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या.

लेकीच्या नावाने त्या स्वतःच बसल्या. जेवण चुकवता का? कधीच नाही. आरशात बघून वाईट वाटतं का? कधीच नाही. प्रत्येक उत्तराला पडद्यावर एक हसरं गाजर टाळ्या पिटायचं. गाजराला हात कुठून आले, हे विचारायला सवड कोणाला होती!

कार्यक्रमात लेक वर्गात पहिली आली. शाळेच्या समुपदेशक बाईंचा खास फोन आला.

"इतकी निरोगी उत्तरं आम्ही पाहिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "उत्तरं बघूनच कोणत्या मुलींशी बोलायचं ते आम्ही ठरवतो. तुमच्या मुलीची मुळीच काळजी नाही."

ताईसाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. ऑफिसात त्यांनी पेढे तेवढे वाटायचे ठेवले.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दुपारी त्या लेकीच्या खोलीत शिरल्या, तर पोरगी लॅपटॉपसमोर रडत बसलेली. पडद्यावर गाजर अभिनंदन करत होतं. कार्यक्रम पूर्ण झाला आहे, पुन्हा करता येणार नाही.

"आई, हे तू केलंस?"

"मग काय! पहिली आलीस की."

"मला करायचा होता गं. बाई म्हणाल्या होत्या, खरं लिहा, आम्ही बोलू तुमच्याशी. वर्गातल्या दोघींना बोलावलं. मला वाटलं, परीक्षा झाली की मीपण लिहीन, मग मलाही बोलावतील." तिने नाक पुसलं. "मला घास गिळवत नाही, आई. डबा मी रोज टाकून देते."

ताईसाहेबांची नजर तिच्या हातावर गेली. नाक पुसणारं ते मनगट केवढंसं झालं होतं! रोज बघूनही त्यांना ते दिसलं नव्हतं, कारण त्या कौतुकाने बघत होत्या.

"उद्या सकाळी दोघी बाईंकडे जाऊ," त्या कशाबशा म्हणाल्या. "उत्तरं मी दिली होती, हे मीच सांगेन. आणि डॉक्टरांकडेही जाऊ. पण आत्ता मला सांग. मी विचारते." त्यांनी लॅपटॉप मिटला. प्रश्न त्यांना पाठच होते. "जेवण चुकवतेस?"

"रोज."

"आरशात बघून वाईट वाटतं?"

"आता मी बघतच नाही."

पुढचा प्रश्न काही केल्या त्यांच्या तोंडातून निघेना. लेक वाट बघत होती, तेव्हा त्यांनी तो एका दमात विचारून टाकला.

"तुझ्या शरीरावरून घरातलं कोणी काही बोलतं का?"

लेकीने मिटलेल्या लॅपटॉपवर बोट फिरवलं.

"सांग ना बाळा. मी रागावणार नाही."

"आधी तू सांग," लेक म्हणाली. "तू काय लिहिलं होतंस?"