संशयित पाणी

तिने संगणकात एक ध्रुवीय समुद्र पाळला होता. पाण्याने कसं वाहायचं याची गणितं त्याला पाठ होती. खऱ्या समुद्रातल्या यंत्रांची मोजमापं आली की तो थोडा त्यांच्या बाजूला सरकायचा आणि त्या तडजोडीतून बर्फाखालच्या प्रवाहांचा नकाशा निघायचा. नकाशा देखणा असायचा. तडजोडी सहसा एवढ्या देखण्या नसतात.

ती यंत्रं समुद्रात सोडून यायचं काम तिच्या धाकट्या दिराचं. यंदा तो ताटावर नुसता बसून होता.

"काय रे, बोट बुडाली का?" सासूबाईंनी विचारलं.

"बुडवतायत. वहिनींचे साहेब म्हणतात, माझ्या यंत्रांनी नकाशा तसूभरही हलत नाही. मग मोहीम हवी कशाला?"

या साहेबांना ऑफिसात सगळे त्यांच्या माघारी 'सरासरी' म्हणत. टोकाचं काहीच त्यांना सोसत नसे.

"तुमची मोजमापं नकाशाशी जुळतात, भावजी," ती म्हणाली. "जुळणारं मोजमाप नवीन काय सांगणार?"

"सगळी जुळतात? बर्फाच्या कडेच्या त्या खाडीतलीसुद्धा? अहो, तिथलं खालचं पाणी इतकं उबदार निघालं की मी यंत्रच बदलून पाहिलं. दुसरंही तेच म्हणालं."

तिचा घास हातातच राहिला. असलं पाणी तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

सकाळी प्रोग्राम उघडल्यावर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. नकाशापासून फार दूरचं मोजमाप 'संशयित' म्हणून बाजूला टाकणारी एक चाळणी त्यात होती. यंत्रं बेभरवशाची होती त्या काळी तिनेच ती बसवली होती. म्हणजे दिराचं मोजमाप जुळलं तर निरुपयोगी, न जुळलं तर कचऱ्यात. यंत्राने बिचाऱ्याने बोलावं तरी काय? आणि नकाशा मात्र दर वर्षी 'निरीक्षणांशी उत्तम जुळतो' म्हणून पाठ थोपटून घेत होता.

तिने चाळणी सैल केली आणि गणित पुन्हा चालवलं. खाडीतला प्रवाह उलटा फिरला. उबदार पाणी बाहेर पडण्याऐवजी थेट बर्फाच्या पोटाखाली शिरत होतं.

मोहिमेच्या बैठकीला दीरही होता. साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी ठेवले.

"जुना जास्त जुळतो."

"न जुळणारं काढून टाकल्यावर जुळणारच, सर. चाळणी माझी होती. चूकही माझीच."

साहेबांनी चष्मा पुसला. "दोन्हींची सरासरी घेता येईल?"

"एकात पाणी आत जातंय, दुसऱ्यात बाहेर. सरासरीत ते जागच्या जागी उभं राहील."

दिराला ठसका लागला.

"मग यंत्रंच बिघडली असणार," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांचा नकाशा एकदम कसा चुकेल? यंत्रांची शहानिशा व्हायलाच हवी. त्याच खाडीत यंदा दुप्पट यंत्रं सोडा. तोवर अहवालात जुनाच नकाशा."

तिने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिराने हळूच नकारार्थी मान हलवली. तिने ते मिटलं.

जेवताना सासूबाईंनी पुन्हा विषय काढला. "मग, खरी ठरली का तुझी यंत्रं?"

"नाही ना, आई. बिघडलेली ठरली," तो मजेत जेवत होता. "म्हणून तर जायला मिळतंय."

"आणि हिचं काय झालं?"

"वहिनी आपली चूक घेऊन गेल्या होत्या," दीर म्हणाला. "ती काही कोणी मान्य केली नाही."