यंत्राच्या पोटातला स्क्रू

"माझ्या नाकावर काय उजेड पाडतेय? स्क्रू नाकात आहे का माझ्या?"

हे बाबांनी मला नाही, यंत्राला ऐकवलं. माझे सासरे माझ्यावर कधी चिडत नाहीत. चिडायचं झालं की ते जवळच्या लोखंडी वस्तूशी बोलतात आणि आपण ते मुकाट ऐकून घ्यायचं असतं. त्या दुपारी तर ऐकण्यावाचून इलाजच नव्हता. आम्ही दोघं टेबलाखाली डोकं घालून बसलो होतो, माझ्या हातात टॉर्च होता आणि त्यांच्या चष्म्याची काडी माझ्या कानाला टोचत होती.

"आणि हलवतेय किती! टॉर्च आहे की पाळणा?"

पाळणा म्हटल्यावर ते एकदम चष्मा सावरायला लागले. मीही टॉर्च घट्ट धरला.

आमच्या पुढच्या खोलीत मोजे विणायचं यंत्र आहे. पितळेचं एक उभं नळकांडं, त्याच्या कडेने गोल उभ्या केलेल्या सुया. हँडल फिरवलं की एकेक सुई डोकं वर काढते, दोरा पकडते आणि बुडी मारते. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. अशी एक लाट गोल गोल फिरत राहते आणि खालून मोजा उतरतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी ते बघत उभी राहिले आणि आत ओट्यावर दूध उतू गेलं. सासूबाई म्हणाल्या, "चालायचंच. माझंही गेलं होतं." तेव्हापासून आमचं जमलं.

ह्या यंत्राच्या बुडाशी करंगळी जाईल एवढं भोक आहे. त्याच्या पार तळाशी एक पितळी स्क्रू. डोक्यावर एकच सरळ खाच. तो सैल करून आतली कडी वर सरकवली की टाका बारीक होतो. शाळेच्या पोरांचे, म्हाताऱ्यांचे, पोस्टमनचे मोजे त्याला हात न लावताही चालण्यासारखे निघतात, मापाला नेटके हवे असले तर तो जरा फिरवायचा. तान्ह्या बाळाचे करायचे असले तर मात्र फिरवावाच लागतो.

आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या पायात पहिले मोजे ह्या यंत्राचे गेलेत. माझ्या लेकीचे अजून कपाटात आहेत. माझ्या अंगठ्यावरसुद्धा बसणार नाहीत असे.

त्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. माझ्या धाकट्या दिराला मुलगी झाली होती. फोन सासूबाईंनी घेतला, बाबा समोर बसून लोकरीचा गुंता सोडवत होते. सासूबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "काय म्हणतेस, मुलगी झाली? वजन किती?" बाबांनी मान वर केली नाही, पण गुंता सुटायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "एका गिऱ्हाइकाला तान्ह्या बाळाचे मोजे हवेत."

"कोण गिऱ्हाईक?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे एक."

"रंग कुठला सांगितलाय गिऱ्हाइकानं?"

"ते तू बघ."

सासूबाई आत गेल्या आणि फिकट पिवळ्या लोकरीचा गुंडा घेऊन आल्या. नवाकोरा. कधी आणून ठेवला होता देव जाणे. पण गिऱ्हाईक कोण, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता प्रश्न उरला स्क्रूचा. म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा.

बाबांचा एक नियम आहे. पायात मोजा बसतो तसं खाचेत पातं बसलं पाहिजे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, ना सैल ना घट्ट. जाड पातं खाचेत शिरत नाही. बारीक पातं शिरतं, पण फिरवायला गेलं की निसटतं आणि जाता जाता खाचेच्या कडा खाऊन जातं. आणि ही खाच गेली तर सगळंच गेलं, कारण असल्या आट्यांचे स्क्रू आता कुणी करत नाही.

आमचे हे दुकानांत माल पोचवतात. यंत्राशी त्यांचा संबंध विकण्यापुरता, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात कारागीर संचारला होता. घरातला प्रत्येक स्क्रूड्रायव्हर त्यांनी टेबलावर आणून मांडला. फुलीच्या तोंडाचे बाजूला केले. राहिलेल्या चपट्या तोंडाच्यांपैकी लांब होते ते जाड होते, आणि बारीक होते ते अर्ध्या वाटेतच संपत होते. विजेचा टेस्टर आत घातला तर त्याची मूठ भोकाच्या तोंडाशी अडली. शेजारच्या चष्मेवाल्याकडून आणलेला तर बाबांनी तळहातावर घेऊन नुसता पाहिला. "हा मुंगीच्या दाताला चालेल," म्हणाले आणि परत दिला.

"सुरीचं टोक?" ह्यांनी विचारलं.

"तुझं डोकं घाल," बाबा टेबलाच्या पायाला म्हणाले.

खरं सांगायचं तर शोधाशोधीची गरजच नव्हती. योग्य तो स्क्रूड्रायव्हर कुठे आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो धाकट्याकडे होता.

मूळचा मोडला तेव्हा तो त्यानेच केला होता. सासूबाईंच्या स्वेटर विणायच्या पोलादी सुयांची एक जोडी होती. त्यातली एक घेऊन त्याने तिचं टोक तापवून ठोकलं आणि कितीतरी दिवस थोडं थोडं घासलं. घासायचं, आत घालून बघायचं, परत घासायचं. झाडूच्या दांडीचा तुकडा कापून तिला मूठ बसवली. जोडीतली दुसरी सुई अजून सासूबाईंच्या टोपलीत एकटी उभी असते. तिचा काही उपयोग नाही, पण ती काढायची नाही.

बाबांची नजर मंदावली तेव्हापासून यंत्राची बारीक कामं धाकटाच करायचा. पण सांगून नाही. भल्या पहाटे, बाबा उठायच्या आत, भोकात ती सुई घालून डोळे मिटून बसलेला मी त्याला पाहिलाय. डोळे का मिटता भाऊजी, विचारलं तर म्हणाला, "आत दिसत नाही वहिनी. मग उघडे ठेवून मध्ये मध्ये कशाला येऊ द्यायचे?" बाबा उठून हँडल फिरवायचे, मोजा सुरेख उतरायचा, आणि ते खूश होऊन म्हणायचे, "बघा, अजून हात आहे माझा." आम्ही सगळे हो म्हणायचो. तोही म्हणायचा.

पुढे एका दुकानदाराने बाबांच्या तोंडावर धाकट्याची तारीफ केली. सहज केली बिचाऱ्याने. बाबांना ती झोंबली. त्या माणसासमोरच ते म्हणाले, "ह्याचा हात जड आहे. ह्याला हात लावू दिला तर यंत्राची वाट लावेल." धाकट्याने तिथल्या तिथे पाठ फिरवली. कपडे भरले, बायकोला हाक मारली, आणि निघताना खिळ्यावरचा तो एकच स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. बाकीची हत्यारं जागच्या जागी ठेवून गेला.

तेव्हापासून घरात त्याचा विषय फिरून फिरून यायचा, पण त्याचं नाव न घेता. हे म्हणायचे, "ती व्यक्ती." सासूबाई म्हणायच्या, "कुणाला आवडायचं हे लोणी?" बाबा तेवढ्यात हँडल फिरवायला लागायचे.

तर आता हे म्हणाले, "आई, टोपलीतली ती सुई दे. घासून करतो मी तस्सा."

"ती नाही मिळायची."

"अगं, पडूनच तर आहे."

"पडून नाहीये. वाट बघतेय."

एवढं बोलून त्या लोकर गुंडाळायला लागल्या. गुंडाळलेलीच लोकर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी टॉर्चकडे.

मग ह्यांचा धीर सुटला. त्यातल्या त्यात लांब आणि बारीक असा एक स्क्रूड्रायव्हर त्यांनी उचलला. "एकदाच जोर लावतो. सुटला तर सुटला."

"थांब," बाबा म्हणाले. "आधी खाच कुठल्या दिशेला आहे ते तरी बघू दे."

त्या भोकात सरळ बघता येत नाही, कारण समोर टेबलाची फळी येते; हात शिरतो, डोकं शिरत नाही. मी माझ्या पावडरच्या डबीतला छोटा गोल आरसा आणला. तो फळीवर तिरपा टेकवला, टॉर्च बाजूने धरला आणि बाबांनी पोस्टाची तिकिटं बघायचं त्यांचं भिंग डोळ्याला लावलं. इतकी वर्षं यंत्र घरात आहे, पण असं आत कुणी बघितलं नव्हतं. बाबांनीही नाही. ते हातानेच काम करायचे.

बाबा बघत राहिले. मला वाटलं, त्यांना काही दिसत नाहीये. मी टॉर्च जरा हलवला.

"हलू नकोस," ते म्हणाले. ह्या वेळी मला म्हणाले, यंत्राला नाही. आणि आवाज इतका हळू, की मला वाटलं खोलीत कुणी झोपलंय.

बऱ्याच वेळाने त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी डोळा लावला.

आधी नुसतं सोनेरी धुकं. मग उजेड स्थिर झाला आणि तळाशी तो स्क्रू दिसला, इवलासा, एखाद्या खोल विहिरीत चंद्र पडलेला असावा तसा. त्याच्या डोक्यावरची खाच सरळ, काळीशार. इतक्या वेळा सैल केलेला, आवळलेला स्क्रू, पण कडांवर ओरखडा नाही, चरा नाही. जसा काही आजच बसवलाय. पण बाबा गप्प झाले होते ते त्यामुळे नाही. स्क्रूच्या भोवती, पितळेवर, केसासारख्या बारीक रेघा ओढलेल्या होत्या. गोलाकार, सूर्याच्या किरणांसारख्या, सारख्या अंतरावर. आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक चित्र. मोठ्या रेघेशी बूट. मग जरा लहान बूट. मग शाळेचा. आणि सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत छोट्या रेघेशी एक पाऊल. उघडं. पाचही बोटं मोजून घ्यावीत असं. मोहरीच्या दाण्यावर मावेल एवढं.

मी ती पाच बोटं पुन्हा एकदा मोजली. जिथे बोट पोचत नाही, नजर पोचत नाही, तिथे त्याने हे कोरलं होतं. डोळे मिटून. कुणी कधी बघणार नाही हे पक्कं माहीत असताना. त्याला स्वतःलाही ते दिसलं नसेल. पुढच्या वेळी सुईच्या टोकाने चाचपून कुठलं माप कुठे लागतं ते कळावं, एवढ्यासाठी रेघा. पण मग पाऊल कशाला?

ह्यांनी बघितलं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, आवाज होऊ न देता, आणि टेबलापासून दूर सरकवला. सासूबाई कधी नव्हे त्या गुडघ्यांची तक्रार न करता खाली बसल्या, एक डोळा मिटून आत बघत राहिल्या, आणि त्यांचा हात आपोआप त्या पिवळ्या लोकरीवर गेला.

"हे तुम्ही कोरलंत?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. मला वाटतं, त्यांनी बाबांना एक वाट काढून दिली होती. हो म्हणाले असते तर आम्ही तिघांनी ते मानलंही असतं, जसं आजवर मानत आलो.

बाबा जमिनीवरच बसून होते. त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं, कुणीतरी दुरुस्तीला आणून दिलेल्या वस्तूकडे पाहावं तसं.

"तो पहाटे उठायचा ना?" ते म्हणाले.

सासूबाई लोकरीवरून हात फिरवत राहिल्या.

"मला वाटायचं, मांजर आहे," बाबा म्हणाले. मग मान हलवली. "नाही. मांजर आहे असं वाटायचं नाही मला."

मी टॉर्च विझवला. आरशातला चंद्र गेला. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला आणि टेबलाच्या पायाकडे नाही, यंत्राकडे नाही, सरळ आमच्या तोंडाकडे बघून म्हणाले,

"त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. माझे डोळे धड होते तेव्हाही चांगलाच होता. फोन लावा त्याला. मी बोलतो."