थोडाफार विश्वास

घरात मी फार बोलते असं सगळ्यांचं मत आहे आणि ते खोटं नाही. टीव्हीवर कुणी पुढारी बोलायला लागला की माझं त्याच्याशी भांडण सुरू होतं. सासूबाई म्हणतात, "अगं, त्याला ऐकू जात नाही." नववी-दहावीच्या पोरांना मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. प्रश्न विचारा, कुणाला घाबरू नका, असं वर्गात घसा बसेपर्यंत सांगते. त्यामुळे देशभरच्या कुठल्याशा सर्वेक्षणात आमच्या घराचा नंबर लागला आणि घरातून माझी निवड झाली, तेव्हा मला मनातून गुदगुल्याच झाल्या. शेवटी कुणीतरी मला विचारायला आलं होतं.

आलेली मुलगी नीलिमा, सांगलीची. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि वडूजपासून आमच्या गावापर्यंत वडापच्या जीपमधून आल्यामुळे केसांत धूळ. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला त्याचीच मुलाखत घ्यायची, असा तिचा नियम. सासूबाई म्हसवडला सिद्धनाथाला गेल्या होत्या आणि नवरा, शौनक, पुण्यात. पण ते घरी असते तरी माझाच नंबर होता.

आबांना हे मुळीच पटलं नाही. आबा म्हणजे माझे सासरे, गावच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्याच संस्थेच्या हायस्कूलमध्ये मी शिकवते. ते तर परीटघडीचा शर्ट घालून, केसांवरून कंगवा फिरवून खुर्चीत बसलेही होते.

"तिला काय विचारता? माझं घ्या की. आख्खं आयुष्य संस्था चालवण्यात गेलं माझं."

"काका, नियम आहे," नीलिमा म्हणाली. "आणि मुलाखतीच्या वेळी दुसरं कुणी नको. त्यांना मोकळं बोलता यायला पाहिजे."

"आमच्या घरात सगळी मोकळीच हायत," असं म्हणून आबा पडदा बाजूला सारून माजघरात गेले. जाताना माझ्याकडे एकदा बघून गेले.

ते का बघून गेले, ते मला माहीत होतं. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेला आमच्याच शाळेत केंद्र होतं. गणिताच्या पेपरला मी एका मुलाला कॉपी करताना पकडलं. मुलगा संस्थेच्या एका संचालकांचा. मी रीतसर अहवाल लिहिला. संध्याकाळी आबा ओरडले नाहीत, चिडले नाहीत. जन्मात ज्यांनी गॅस पेटवला नव्हता त्यांनी स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवला. "पोराचं वर्ष जाईल, आपलं केंद्र जाईल," म्हणाले. "आणि घरच्याच सुनेनं केलं म्हटल्यावर लोक मला हसतील. तू समजून घेशील." मी समजून घेतलं. अहवाल मी माझ्या हातानं फाडला. निकाल लागला तेव्हा चौकात बॅनर झळकला: शंभर टक्के! वरती आबांचा फोटो, खाली वर्गशिक्षिका म्हणून माझा. तो बॅनर उतरेपर्यंत मी त्या चौकातून मोबाइलमध्ये डोकं घालून जात होते.

तेव्हापासून आबांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. शौनकलासुद्धा सांगितलं नाही. पण ते मनातून जात नव्हतं. आज नाव न लिहिता विचारणार होते. निदान त्या टॅबला तरी खरं सांगायचं, असं मी ठरवून बसले होते.

"मी काही संस्थांची नावं घेते," नीलिमा म्हणाली. "त्या चालवणाऱ्या लोकांवर तुमचा किती विश्वास आहे ते सांगा. पुष्कळ, थोडाफार, की जवळजवळ नाहीच."

"विचार."

"सैन्य?"

"पुष्कळ." सातारा जिल्ह्यात याला दुसरं उत्तर देणारा माणूस अजून जन्मायचाय.

"बातम्यांची चॅनेल?"

"जवळजवळ नाहीच. त्याच्याखाली काही असेल तर ते लिही."

नीलिमा हसली. मला चेव चढला. बँका झाल्या, न्यायालयं झाली. मोठ्या दवाखान्यांना मी थोडाफार दिला आणि बिल हातात येईपर्यंत पुष्कळ असतो, हेही सांगितलं. मी अगदी रंगात आले होते.

"शिक्षणसंस्था? म्हणजे शाळा-कॉलेज चालवणारे लोक?"

मी तोंड उघडलं आणि माझी नजर पडद्याकडे गेली. आमचा पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही. त्याच्याखाली घरात वापरायच्या आबांच्या निळ्या स्लिपर दिसत होत्या. दोन्ही शेजारी-शेजारी, हलत नव्हत्या. आबा पलीकडे उभं राहून ऐकत होते.

"पुष्कळ," मी म्हणाले. पडद्यापलीकडे नीट जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले. तेवढ्यावरही थांबले नाही. "फार कष्टाळू माणसं असतात हो. स्वतःचं घर विसरून काम करतात."

"एवढं लिहायला जागा नाही," नीलिमा म्हणाली आणि माझ्याकडे जरा बघत राहिली. बाकीचे प्रश्न मी कसे संपवले, मला आठवत नाही. शेवटचा प्रश्न होता, मुलाखतीच्या वेळी दुसरं कुणी हजर होतं का?

"नाही. कुणी नव्हतं."

ती गेली. आता आबांचं समाधानी तोंड बघायचं, म्हणून मी पडदा सारला. माजघरात कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं. पडद्याच्या उंबऱ्यापाशी फक्त स्लिपर होत्या. आमचे देव माजघरात आहेत, म्हणून आत पाऊल टाकलं की तिथंच स्लिपर काढायच्या, ही आमच्या घरची रीत. मीही रोज काढते. आबा देवाला हात जोडून, बाहेरच्या चपला घालून केव्हाच मागच्या दारानं निघून गेले होते. पडद्याखालून मला स्लिपरची बोटांकडची बाजू दिसली असं वाटलं होतं, त्या टाचा होत्या.

मी रिकाम्या स्लिपरला घाबरले होते. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी ऐकतही नव्हतं, आणि मी ओरडून खोटं बोलले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. उद्या कुठल्या तोंडानं वर्गात उभी राहणार होते?

मी तशीच बाहेर पळाले. नीलिमाला पुढचं घर आमच्या गल्लीतल्या हरणाबाईंचं आलं होतं. ती त्यांच्या ओट्यावर टॅब उघडत होती. आणि त्याच ओट्यावर, भाऊसोंच्या शेजारी, हातात चहाची बशी घेऊन आबा बसलेले. भाऊसो म्हणजे हरणाबाईंचे दीर, आबांचे शाळासोबती.

"आवं मास्तरीणबाई, पळत का आला?" हरणाबाई म्हणाल्या. "ग्यास चालू ऱ्हायला का काय?"

"एक उत्तर बदलायचंय," मी नीलिमाला म्हणाले.

"अजून पाठवलेलं नाही, बदलता येईल." तिनं एकदा आबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "बाजूला जाऊ या का, मॅडम?"

मी हो म्हणायला हवं होतं. पण त्या स्लिपरचा राग डोक्यात होता. "कशाला? इथंच लिही. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांचं उत्तर."

आबांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बशीतल्या चहाकडे बघत राहिले. मानेवरची कातडी सैल झाली होती. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"काय लिहू?"

नाहीच. एवढा एकच शब्द होता आणि तो अगदी ओठांवर होता. भाऊसो बघत होते, हरणाबाई बघत होत्या.

"थोडाफार," मी म्हणाले.

नीलिमानं मान वर न करता टॅबवर बोट टेकवलं. आबांनी श्वास सोडला आणि बशीतला चहा एका घोटात संपवला.

"सूनबाईनं पास केलं म्हणा की गड्या," भाऊसो म्हणाले, आणि आबा हसले. अगदी मोकळं हसले.

घरी येताना ते माझ्या मागून चालत होते. दारापाशी आल्यावर म्हणाले, "अबोली, मला वाटलं तू न्हाईच म्हणशील."

ते पुढे होऊन दारात उभे राहिले, मी पायरीवरच थांबले.

"त्या पोरीनं मला भाईर घालवलं तवाच मी ओळखलं, तू आत काय सांगणार ते. घरात थांबवंना, म्हणून उठून गेलो. त्या परीक्षेचं लय दिवस डोक्यात हाय माझ्या. भाऊसोला आत्ताच म्हणालो, सुनंचा विश्वास न्हाई तर खुर्चीवर बसून काय करायचं? उद्या मीटिंगमधी झालं ते सांगायचं आन् राजीनामा द्यायचा. मनाची तयारी झालती बग."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांनंतर ते माझ्याकडे असे सरळ बघून बोलत होते.

"पण तू चारचौघांत सांगितलंस. माझ्या तोंडावर. भीड ठेवली असतीस तर पुष्कळ म्हणाली असतीस, म्हंजी हे खरंच असणार. थोडाफार तरी ऱ्हायलाय की. मग आता कशाला तो विषय?"

आबा, ते खरं नाही, मी खोटं बोलले, असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. शब्द तयार होते. ते दारात उभे होते, मी पायरीवर होते, मध्ये दुसरं कुणीही नव्हतं.

"औंदा बी केंद्र आपल्याकडंच घेऊ," आत जाता जाता ते म्हणाले. "सुपरविजनला तूच ऱ्हा. तू असलीस म्हंजी लोकांचा भरवसा बसतो."

मी "बरं" म्हणाले.