पाटीवर नव्वद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि या क्षणी एका गाडीच्या डिकीत, दोन बंद प्रिंटरांच्या मध्ये अडकून पडलो आहे. अमेरिकेतल्या श्रूजबरीचं हे घर विकलं गेलं. मला घडवणारे नरेंद्र आणि त्यांच्या पत्नी रेखा आता लहानशा फ्लॅटमध्ये राहायला जाणार, आणि त्यांची लेक नीना मला भंगारात द्यायला निघाली आहे. डिकीचं झाकण अजून उघडं आहे, म्हणून घाईघाईने सांगतो.

नरेंद्रना मी मनातल्या मनात बाबाच म्हणतो. वुस्टरजवळच्या एका छोट्या कंपनीत ते इंजिनीअर होते. चाचण्यांसाठी त्यांनी मला घरी आणलं, त्याच आठवड्यात नीनाचं बारसं होतं. सुलेखाआत्या पुण्याहून खास आली होती. तिला बाळाचं नाव कृष्णा हवं होतं, रेखाला नीना. अर्थात रेखाचं चाललं. आत्या थोडी फुरंगटली, मग उरलेलं नाव तिने माझ्या पाठीच्या झरोक्यांशी तोंड नेऊन सांगितलं, "कुर्रर्र, कृष्णा!" सगळे खो खो हसले. मी मात्र ते मनावर घेतलं.

पुढे कंपनीत माझं खरं नामकरण झालं. त्या काळी आमच्यात कुणाला फळाचं नाव मिळे, कुणाला नुसता आकडा. माझी स्मृती चौसष्ट किलोबाइटची, म्हणून इंजिनीअर म्हणाले चौसष्ट ठेवा. विक्रीवाले म्हणाले, समोरच्या दुकानातल्या यंत्रावर ऐंशी लिहिलंय, आपण नव्वद लिहू! झालं, पाटीवर नव्वद आलं. त्याला काही अर्थच नव्हता. "नव्वद म्हणजे काय हो?" असं कुणी विचारलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नीना माझ्यावरच अक्षरं शिकली. मैत्रिणींना ती मला अभिमानाने दाखवायची. मग नवी यंत्रं आली, मी तळघरात गेलो आणि माझ्यावर धुण्याचे कपडे साचू लागले.

आणि आता हे! बाबा गॅरेजच्या दारात उभे आहेत. नीनाने वैतागून आत्याला फोन लावलाय, स्पीकरवर; आत्या हल्ली इथेच अमेरिकेत, आयसेलिनला राहते.

"आत्या, बाबा इज बीइंग सो स्टबर्न! काही बोलतच नाहीये. ते जुनं मशीन रिसायकल करतेय ना, नाइंटी की काय ते."

"नाइंटी कोण? अगं, तो आपला कृष्णा! तुझं राहिलेलं नाव मीच दिलंय त्याला, तुझ्याच बारशात."

नीनाचा हात झाकणावरच थांबला.

"बाबा, तू कधी सांगितलंच नाहीस?"

"तू हसशील असं वाटलं," बाबा म्हणाले.

ती हसली नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी तिला कुणी कधी काय हाक मारत होतं, तेवढं विचारून घ्या. पाटीवर ते लिहिलेलं नसतं.

मी चालू होईन की नाही, देव जाणे. पण प्रिंटर डिकीतच राहिले. मला नीनाने दोन्ही हातांनी उचललं, मागच्या सीटवर ठेवलं आणि सीटबेल्ट लावला.