धाकटीच्या हातचं कॉकटेल

यशोदाबाई तळपद्यांना खूश करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं, असं गिरगावातल्या त्या गल्लीत सगळेच म्हणत. थोरली सून सरोजिनी हिची ऐन उमेदीची वर्षं त्याच कामात गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आमटीला चव नव्हती, पोळीला पदर सुटत नव्हता आणि रांगोळीची रेघ वाकडी जात होती. हळूहळू यशोदाबाईंनी नावं ठेवणं थांबवलं. "आमच्या घरात हेच कौतुक," असं तिच्या नवऱ्यानं, कमलाकांतनं, तिला समजावलं आणि तिनं ते मान्य केलं.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलं होतं. कमलाकांत सत्याग्रहात पकडला जाऊन तुरुंगात होता आणि घरात यशोदाबाई टायफॉइडनं फणफणलेल्या. बाहेर कर्फ्यू. सरोजिनी हातात पांढरा रुमाल धरून, भिंतीच्या कडेकडेनं ठाकूरद्वारापर्यंत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. अश्रुधुरानं तिचे डोळे दोन दिवस सुजलेले होते. बरं वाटल्यावर यशोदाबाई तिला एवढंच म्हणाल्या, "पायात चपला तरी घालायच्या होत्यास."

एका बाबतीत मात्र त्या चारचौघींत उघड बोलत. "पन्हं करावं ते आमच्या सरोजिनीनं." चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्या पन्ह्याचे दोन दोन पेले पीत, आणि त्या दिवशी सासूबाईंची मान ताठ असे. वर्षभराची कसर सरोजिनी त्या एका दिवसात भरून काढी.

साठ सालच्या मार्चमध्ये धाकटा दीर मनमोहन हाँगकाँगहून कायमचा परत आला. तिथं तो एका जहाज कंपनीत होता. लग्न झाल्यावर लगेच बायकोला घेऊन गेला होता, त्यामुळे मृणालिनी या घराला तशी नवीनच होती. मोकळं हसायची, दुपारी पुस्तक वाचत गॅलरीत बसायची, सासूबाईंच्या पलंगावर त्यांच्या शेजारी बिनदिक्कत टेकायची. सरोजिनीला वाटलं, आता आई हिला चांगलं सुनावतील. पण आईंनी पाय जरा आत ओढून तिला जागा करून दिली.

त्या वर्षी उन्हाळा लवकर भडकला. यशोदाबाईंचं अन्न तुटलं. ताक नको, शहाळं नको. सरोजिनीनं पन्हं करून दिलं तर एक घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला ठेवला. "कैरी आंबट ढाण आहे." दुसऱ्या दिवशी गूळ वाढवला, तरी तेच.

तिसऱ्या प्रहरी मृणालिनी स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात चिनी चित्रांचा पत्र्याचा डबा होता. "वहिनी, मी काही करून बघू का आईंसाठी?"

"बघ की," सरोजिनी म्हणाली.

डब्यात वाळक्या गवतासारखी हिरवट पत्ती होती. धाकटीनं तिचं पाणी करून ते सुरईत गार केलं, लिंबू पिळलं, खडीसाखर विरघळवली, पुदिना नि आलं ठेचून घातलं आणि भुशातला बर्फ धुऊन, फोडून पेल्यात टाकला. वरून गोटीच्या सोड्याची बाटली फोडली. पेला फसफसला.

"हे काय?" सरोजिनीनं विचारलं.

"हिरव्या चहाचं कॉकटेल. आम्ही मैत्रिणी असंच म्हणायचो," मृणालिनी हसून म्हणाली. "तिकडे साहेब लोक यात जिन घालतात. आम्ही आलं घालायचो."

यशोदाबाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. मग डोळे मिटून सगळा पेला संपवला आणि म्हणाल्या, "अजून आहे का गं?"

'अजून आहे का' हे शब्द सरोजिनीनं त्या तोंडून कधी ऐकले नव्हते. संध्याकाळी कमलाकांत कचेरीतून आला, त्यालाही पेला मिळाला. तो मिशा पुसत म्हणाला, "वा. सरोजिनी, शिकून घे हे तिच्याकडून."

सरोजिनीनं आपल्याला दिलेला पेला तसाच मोरीत ओतला होता.

त्यानंतर रोज दुपारी तेच. मृणालिनी पेला घेऊन आत गेली की सासूबाईंच्या खोलीतून बोलण्याचा, मधूनच हसण्याचा आवाज येई. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात चार घोट जातायत, यात वाईट वाटण्यासारखं काय, असं सरोजिनी स्वतःला बजावी. पण पोळ्या लाटताना कान तिकडेच असत. पुदिना आणायचा ती मुद्दाम विसरायची. मृणालिनी स्वतः चपला घालून खाली जाई आणि पुदिन्याबरोबर सरोजिनीसाठी मोगऱ्याचा गजराही आणी. तो गजरा केसांत माळताना सरोजिनीचा जीव आणखी जळे.

एकदा घरात कोणी नसताना तिनं तो डबा उघडला. आपला नेहमीचा चहा करतात तशीच पत्ती टाकून पाणी खळाखळा उकळलं, लिंबू पिळलं, साखर घातली. तोंडात घेतलं तर कडूजहर, कोयनेलसारखं. तिनं भांडं घासूनपुसून जागेवर ठेवलं आणि डबा होता तसा फडताळात लावला.

हळदीकुंकवाचा दिवस ठरला. सरोजिनीनं कैऱ्या निवडून आणल्या. यशोदाबाईंनी टोपलीकडे नजर टाकली. "आंब्याची डाळ कर. पन्हं राहू दे या खेपेला. धाकटीचं ते गार असतं ना, तेच देऊ बायकांना. नवीन काहीतरी."

"बरं, आई," सरोजिनी म्हणाली.

त्याच दुपारी ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या नलूताई कठड्यापाशी आल्या. नलूताईंच्या कानावर पडलेली गोष्ट दिवेलागणीपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचे.

"काय गं सरोजिनी, रोज दुपारी तुमच्याकडे पेले किणकिणतात. बर्फ काय, सोडा काय."

"मृणालिनी करते आईंसाठी. कॉकटेल म्हणतात त्याला."

"कॉकटेल?" नलूताईंचा आवाज खाली गेला. "म्हणजे त्यात ते...?"

'चहा आहे हो, लिंबू पिळलेला,' एवढं म्हटलं की संपत होतं. सरोजिनीनं धुतलेल्या साडीची घडी घातली. "हाँगकाँगला साहेब लोक त्यात जिन घालतात म्हणे," ती म्हणाली आणि कपडे घेऊन आत गेली. खोटं एक अक्षरही ती बोलली नव्हती.

दारूबंदीचे दिवस. खोताच्या वाडीतल्या एखाद्या घरी नाताळाला चोरून काही निघतं म्हणून कुजबुज व्हायची, तिथं तळपद्यांसारख्या घरात बाटली म्हटल्यावर काय विचारता? धाकटी सून ट्रंका भरून बाटल्या घेऊन आलीय, परमिट नाही, काही नाही. म्हातारीलाही पाजते. तरीच म्हातारी हल्ली एवढी हसते. हे सगळं गल्लीभर फिरलं, आणि घरात सरोजिनी सोडून कोणाला त्याचा पत्ता नव्हता. दोनदा तिच्या मनात आलं, नलूताईंना गाठून सांगावं. दोन्ही वेळा आतल्या खोलीतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं आणि ती गेली नाही.

हळदीकुंकवाला बायका आल्या. गौर झोपाळ्यात बसली होती, कलिंगडाची कमळं कापली होती. अत्तर लागलं, गुलाबपाणी शिंपडलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. सगळीकडे पुढच्या रविवारच्या गोष्टी चालल्या होत्या. एक मेला मुंबईसह महाराष्ट्र होणार, कुठल्या गल्लीत कसली रोषणाई, कोण शिवाजी पार्कला जाणार. मग मृणालिनी मोठ्या तबकात पेले घेऊन आली.

"मला नको गं, सर्दी आहे."

"आत्ताच घेऊन आले एकीकडे."

"मला थंड सोसत नाही."

तबक खोलीभर फिरलं आणि यशोदाबाईंनी घेतलेला एक पेला सोडला, तर भरलेलंच परत आलं. सरोजिनी डाळीच्या वाट्या वाटत होती. तिच्या छातीत काहीतरी गोड, गार उतरलं. गेल्या महिन्याभरात इतकं बरं तिला वाटलं नव्हतं.

मृणालिनी आत आली. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण कुठं ठेवावं हे न कळल्यासारखं. "वहिनी, बिघडलंय का हो? कोणीच घेत नाहीये. जरा चाखून बघा ना."

सरोजिनीनं पेला घेतला. तिनं केलेलं ते कडूजहर सोडलं, तर ही चव तिनं घेतलीच नव्हती. आधी पुदिना, मग लिंबू, आणि मागून एक हलकासा तुरटपणा, तहान भागवणारा. उन्हातून आल्यावर ओल्या वाळ्याच्या पडद्याशी उभं राहावं तसं. "बिघडलेलं नाही," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

बाहेरून एका बाईंचं बोलणं आलं. "यशोदाकाकू, या वयात जपून हो. सवय लागली की सुटत नाही म्हणतात."

"कसली सवय?" यशोदाबाईंनी विचारलं.

कोणीतरी पदरात खुदखुदलं. यशोदाबाईंनी त्या बायकांकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, आणि मग हातातल्या पेल्याकडे. त्यांच्या एकटीच्याच हातात पेला होता. त्यांनी तो सावकाश खाली ठेवला. एवढ्या वर्षांत सासूबाई सगळ्यांपुढे अशा खाली मान घालून बसलेल्या सरोजिनीनं कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांच्या वाग्बाणांची तिला सवय होती. हे तिला बघवेना.

तिनं स्टोव्ह उचलला आणि बैठकीच्या खोलीत आणून गौरीसमोर, बायकांच्या मधोमध ठेवला. मग पातेलं आणलं, लिंबं आणली, पुदिना आणला, सोड्याच्या बाटल्या आणल्या. शेवटी तो चिनी डबा.

"मृणालिनी, इथे बस. सगळ्यांसमोर करून दाखव."

मृणालिनी गोंधळून बसली. सरोजिनीनं डब्याचं झाकण काढून तो नलूताईंपुढे धरला. "वास घ्या."

नलूताईंनी घेतला. "गवतासारखा येतोय."

"चहाची पत्ती आहे. हिरवी. आणि जिन हाँगकाँगलाच राहिली, आमच्या घरात ती कधी आली नाही. त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. उरलेलं आज सांगतेय."

मृणालिनीचा लिंबू कापणारा हात थांबला. तिनं मान वर करून सरोजिनीकडे पाहिलं. यशोदाबाईही पाहत होत्या. सरोजिनीनं स्टोव्हला पंप मारायला घेतला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

थोड्या वेळानं मृणालिनी बोलायला लागली, कोरड्या आवाजात. "पाणी उकळू द्यायचं नाही. तळाशी मोत्यांएवढे बुडबुडे आले की उतरवायचं, वहिनी. मग पत्ती टाकायची नि लगेच गाळायचं. उकळलं की कडू होतं."

सरोजिनीनं पातेलं उतरवलं आणि गाळणं धरलं. आलं किसून दिलं, पुदिना चुरला. बर्फ फोडताना एक तुकडा उडून कोणाच्या तरी ओटीत पडला आणि दोघीतिघी हसल्या. सोडा ओतल्यावर पहिला पेला सरोजिनीनं नलूताईंच्या हातात दिला. आता सर्दीचं नाव घेणं शक्य नव्हतं. नलूताईंनी घोट घेतला, दुसरा घेतला. "बरं लागतंय की," त्या म्हणाल्या. मग हात पुढे येऊ लागले. तरीही दोघीजणी न पिताच उठून गेल्या.

बायका पांगल्यावर दोघी जावा मोरीपाशी पेले धुवायला बसल्या.

"मला विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी शिकवलं असतं," मृणालिनी म्हणाली.

"शिकायचं नव्हतं मला. तू करूच नयेस असं वाटत होतं."

"आता नाही वाटत तसं?"

सरोजिनीनं पेला विसळला. "वाटतं. पूर्वीइतकं नाही."

मृणालिनी हसली नाही. पण तिनं हात पुढे करून तो पेला घेतला आणि पुसून ठेवला. तिचा राग जायला पुढे बरेच दिवस लागले. यशोदाबाई त्या प्रकाराबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त आठवडाभर त्यांनी सरोजिनीकडून काही मागून घेतलं नाही, पाणीसुद्धा. एक मेला सगळी गल्ली दिव्यांनी लखलखली, तेव्हाही त्या गॅलरीत धाकटीच्या शेजारी उभ्या राहिल्या. सरोजिनी मागे उभी होती. ही शिक्षा आहे हे तिला कळत होतं आणि ती वाजवी आहे हेही.

मेअखेरीला मनमोहनला दादरला जागा मिळाली. निघताना मृणालिनीनं अर्धी पत्ती एका बरणीत काढून सरोजिनीच्या हातात दिली. "आईंना दुपारी लागतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरोजिनी पातेल्यावर वाकून मोत्यांएवढ्या बुडबुड्यांची वाट बघत राहिली. पेला नेऊन दिला. यशोदाबाईंनी चाखलं. "साखर जास्त पडलीय." पण पेला रिकामा करून त्यांनी तो पुन्हा तिच्यापुढे धरला.

सरोजिनी आत गेली आणि दुसरा भरून घेऊन आली. त्या दुपारी ती त्यांच्या पलंगाच्या कडेला थोडा वेळ टेकली. यशोदाबाईंनी पाय आत ओढले.

पुढच्या आठवड्यात यशोदाबाई धाकटीकडे दादरला राहायला गेल्या. घर एकदम सुनं झालं. दुपारी काम उरकून सरोजिनी गॅलरीत बसली. तिकडे आता सुरई भरली असेल, बर्फ फुटला असेल. साखर नेमकी पडली असेल का? आई काय म्हणाल्या असतील?

संध्याकाळी कमलाकांतनं विचारलं, "गप्प का गं अशी?"

"काही नाही," ती म्हणाली. "रविवारी आपण दादरला जाऊन येऊ या का? आईंना बघून येऊ."