स्लॅबचा धर्मपिता

पेंढ्याचा ट्रक ओरुरोच्या रस्त्यावर रास्ता रोकोत अडकल्याचं कळलं, तेव्हा स्लॅबचा शेवटचा कोपरा भरून होत होता.

बासिलियामावशीने कित्येक वर्षं बसथांब्यावर पहाटे आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, विकून जे साठवलं, ते सगळं त्या स्लॅबमध्ये ओतलं होतं. दुसऱ्यांदा ओतायला काही उरलं नव्हतं. जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, उंचावरच्या आमच्या एल आल्तोत दिवसा ऊन टोचतं आणि सूर्य गेला की अंगणातल्या बादलीत बर्फ धरतो. मी नुकतीच रसायनशास्त्र शिकून बाहेर पडले होते, त्यामुळे धोका मला आकृतीसकट दिसत होता. कोवळ्या काँक्रीटमधलं पाणी गोठलं की फुगतं आणि आतली वीण उसवते. काँक्रीट घट्ट होताना स्वतःच थोडी ऊब तयार करतं. पहिल्या रात्री ती कोंडून ठेवली तर निभावतं. पेंढा रस्त्यातच राहिल्याने आमच्याकडे कोंडायला फक्त प्लास्टिक होतं.

"घरातली ब्लँकेटं?" मावशीने विचारलं.

"एका कोपऱ्याला पुरतील."

शेजारचे पोलिकार्पोकाका परदेशातून येणारे जुने कपडे विकतात. त्यांच्या गोदामात हिवाळी कोटांचे गठ्ठे छताला टेकलेले. सकाळपासून ते भिंतीवर कोपर टेकून आम्हाला ऐकवत होते, "जूनमध्ये स्लॅब? उद्या चहात बुडवून खा, बिस्किटासारखा."

मी कोट मागायला गेले. "कोट माणसांसाठी असतात, पोरी," ते म्हणाले. "शिवाय गुरुवारच्या बाजाराला लागतील."

मावशी चिडली नाही. तिने एप्रन काढला, चांगली शाल घेतली, हॅट जराशी तिरकी केली. "त्यांना जेवायला बोलव."

"मावशी, ते नाही म्हणालेत."

"मी कोट मागतेय का? जेवायला बोलव म्हटलं."

स्लॅब भरला की सगळ्या गल्लीला जेवण असतंच, आणि डुकराच्या तिखट रश्शाला पोलिकार्पोकाका कधी चुकत नाहीत. त्यांची थाळी अर्धी झाली तशी मावशी उठली. तिने त्यांच्या डोक्यावर मूठभर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, गळ्यात कागदी माळ घातली आणि हातात बिअरची बाटली दिली.

"ऐका रे सगळे. स्लॅबला धर्मपिता लागतो. सकाळपासून याची सर्वांत जास्त काळजी कोणी केली? भिंतीवरून हलले नाहीत बिचारे."

गवंडी वॉल्तेरने सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. आमच्याकडे पोराचं असो, नव्या टॅक्सीचं असो की गल्लीतल्या फुटबॉल संघाचं, धर्मपितेपण कोणी नाकारत नाही. तोंडात यजमानाचा बटाटा असताना तर नाहीच. काकांची छातीही जरा फुगली होती. रिवाजाप्रमाणे त्यांनी स्लॅबच्या चारही कोपऱ्यांवर बिअर शिंपडली.

मग मावशी, लेकराच्या धर्मपित्याला आई हाक मारते तशी, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बारशाला बाळाचे कपडे धर्मपिताच आणतो ना, कोंपाद्रे? ऊन चाललंय, आणि आपलं बाळ उघडं आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी थर्मामीटरकडे पाहिलं.

"केवढं आहे बाळ?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आठ मीटर बाय सहा," वॉल्तेर म्हणाला. "अंगाने जरा थोराड आहे."

गोदामापासून आमच्या शिडीपर्यंत माणसांची रांग लागली. आधी प्लास्टिक, मग फळ्यांवर ओणवं होऊन एकावर एक कोट. काका खालून ओरडत होते, "तो लोकरीचा आहे, चुरगाळू नका." शेवटी हात झटकत त्यांनी जाहीर केलं, "संपले. गोदामात आता एकही नाही."

सकाळी बादलीतला बर्फ फोडायला हातोडी लागली. कोटांखाली पारा अकरावर होता. नखाने खरवडून पाहिलं. ओरखडा उठला नाही. मावशी शिडीवरच बसली आणि तिने पहिल्यांदा नाक पुसलं.

"अजून दोन रात्री झाकायला हवं," मी म्हटलं.

"आणि उद्या गुरुवार," वॉल्तेर म्हणाला.

संध्याकाळी काका शिडी चढून आले, तेव्हा मावशी कोटांच्या पुढ्यात उभी राहिली. पण त्यांच्या दंडावर आणखी एक कोट होता, लांब, केसाळ कॉलरचा.

"दक्षिणेच्या कोपऱ्याला वारा लागतो," ते म्हणाले.

"काल तर म्हणालात, एकही उरला नाही."

"काल ते बाळ माझं कोण लागत होतं?"

त्यांनी कोट पसरला, बटणं लावली आणि कॉलर वर करून दिली.