दुसरे पोते

हैबतींचे रायबा, रायबांचे गेणू आणि गेणूंचा हा सावळाराम. अशा घरचा एकुलता एक मुलगा भर उन्हात काठावर उताणा पडून, वाशांवर चढवलेल्या होडीचे बूड काचेच्या तुकड्याने खरवडत होता. निळ्या रंगाचा भुगा त्याच्या मिशांवर साचला होता.

धोंडाबाईंनी डोक्यावरची पाटी उतरवली.

"जेवतोस, का तिचा रंगच खातोस?"

"ह्यो शेवटचा थर, आय. रंगालाबी वजन असतं."

"आता कातडं तेवढं राहिलंय तिचं. ते कधी सोलतोस?"

तो हसला नाही. धोंडाबाईंनीही हसण्यासाठी म्हटले नव्हते.

होडी धरणावरच्या एका गोऱ्या इंजिनेराची. देश सोडताना तो ती गेणूंना देऊन गेला, कारण तिला पुसून-झाकून ठेवणारे तेच होते. तिचे बूड पाचरीसारखे, खाली निमुळते होत गेलेले. साहेब एकटा बसला आणि इंजिन सोडले की ती पाण्यावर उठायची, आणि मग अर्धे अंग हवेत धरून पाखरासारखी सुटायची. साहेबाला शर्यतीचा नाद होता. सावळारामाला कसलाच नाद नव्हता. वाडी आणि भोरची सडक यांच्यामध्ये धरणाचे पाणी आडवे होते, आणि डोंगराच्या अंगाने वळसा घ्यावा तर दिवस मोडायचा, एवढेच त्याला ठाऊक होते.

मागल्या श्रावणात त्याची ठकुबाई बाळंतपणात अडली. त्याने तिला होडीत घातले, धोंडाबाई तिचे डोके मांडीवर घेऊन बसल्या, आणि त्याने इंजिन होते तेवढे सोडले. होडी उठली नाही. नाक वर करून, मागचे बूड रुतवून ती नुसते पाणी नांगरत राहिली. ठकुबाईचा हात मध्यावरच धोंडाबाईंच्या हातात गार झाला. पलीकडे जाण्याचे कारण उरले नाही म्हणून सावळारामाने तिथूनच होडी माघारी वळवली.

तेव्हापासून तो होडीच्या मागे होता. त्याने तिच्या गाद्या काढल्या, पुढची काच काढली, पायाखालच्या फळ्या काढल्या. बुडाला मागच्या अंगाला खळगा पडला होता, तो भरून सपाट केला आणि शेवटची कड कानशीने धारदार केली. इंजिन बोटभर वर चढवले. पंख्याची पाती कापूरहोळच्या मिस्त्रीकडून पिळून आणली, आवडली नाहीत म्हणून पुन्हा पिळून आणली. प्रत्येक खटपटीने वेग थोडा वाढे. इंजिनाचा आवाज सुरू झाला की धोंडाबाई तव्यावर भाकरी टाकत, आणि पलीकडे आवाज थांबला की टोपलीत पाहत. पूर्वी पाच पडायच्या, आता चार.

त्या दिवशीही त्याने होडी पाण्यात ढकलली आणि भाताचे एक पोते तिच्यात ठेवले. ते ठकुबाईच्या वजनाचे, हे धोंडाबाईंना न सांगता कळत होते. होडी गेली, सरसरून उठली आणि वळसा घेऊन परत आली. मग त्याने दुसरे पोते चढवले. या खेपेस ती पाणी नांगरत गेली आणि नांगरतच आली.

"आरं, एकानं उठती न्हवं? मग दुसरं कशापायी?"

"असंच. बघतोय."

"काय बघतोस?"

सावळाराम दोन्ही पोती काठावर उतरवू लागला.

तेवढ्यात वरच्या पायवाटेने हाका आल्या. धनगरवाड्याची माणसे बांबूला घोंगडीची झोळी बांधून खाली उतरत होती. पुढे बयाबाई, धोंडाबाईंच्याच वयाची, पायांत काही न घालता. झोळीत तिची नात रतनबाई, ओठ चावून काळे केलेली.

"सकाळधरनं अडलीया," बयाबाई म्हणाली. "सुईण म्हणती, भोरच्या दवाखान्यात न्या."

एवढे बोलून ती थांबली. या घरापाशी तिने कधी काही मागितले नव्हते. धरण भरत होते त्या साली बुडत्या गावातून शेवटची नाव निघाली तेव्हा माणसांच्या भाराने तिचा काठ पाण्याला टेकला होता, आणि नावाडी म्हणाला होता की एकाने उतरल्याशिवाय ती हलवणार नाही. रायबा उतरले नाहीत. हैबतींचा मुलगा नावाड्याच्या शब्दाने उठत नसे. तान्ह्या सावळारामाला पदराखाली घेऊन बसलेल्या धोंडाबाईंकडे पाहत बयाबाईचा नवरा चिमाजी कोकरांसकट उतरला. पावसात डोंगर वळसून गेला. कोकरे वाटेतच गारठली, चिमाजी दिवाळीपर्यंत खोकत राहिला आणि मग राहिला नाही. गेणूंनी धान्य पाठवले, ते बयाबाईने परत केले. "आमच्या मालकानं जागा दिली व्हती," तिने निरोप धाडला होता, "दाणं न्हाई. येळ आली तर जागाच द्या."

रतनबाईला होडीत निजवले. धोंडाबाईंनी ओचा खोचला आणि तिच्या उशाशी जाऊन बसल्या. त्यांना कुणी विचारले नाही, त्यांनीही कुणाला विचारले नाही. अडलेली बाई परक्या पुरुषाबरोबर एकटी जात नसते. बाईसोबत बाई हवीच, ही या घरची रीत होती आणि ती राखणाऱ्या धोंडाबाई होत्या.

सावळारामाने इंजिनाची दोरी हातात घेतली. ओढली नाही.

"काय झालं?"

"काय न्हाई. आय, घट्ट धरून बस."

हे म्हणताना त्याने आईकडे पाहिले नाही. त्याची नजर काठावर गेली होती, जिथे ती दोन पोती शेजारी शेजारी उभी होती. धोंडाबाईंनीही तिकडे पाहिले. एक जरा लवलेले. दुसरे त्याहून थोराड, तोंडापर्यंत ठासलेले. भात ओतून, काढून, पुन्हा ओतून कुणाच्या तरी वजनाशी जुळवलेले. त्याचे तोंड एका जुन्या लुगड्याच्या काठाने बांधले होते. तो काठ धोंडाबाईंच्या लुगड्याचा होता.

गाद्या, काच, फळ्या, शेवटी रंगसुद्धा. वर्षभर त्याने होडीतून काढता येण्यासारखे सारे काढले होते. फक्त एक गोष्ट काढा, असे तो कधी म्हणाला नव्हता.

धोंडाबाईंनी रतनबाईचे डोके घोंगडीच्या घडीवर अलगद टेकवले आणि त्या उठल्या. होडी एका अंगाला कलली. गुडघाभर पाण्यातून त्या काठावर आल्या.

"आय, बस की गं! बाईमाणूस हवं संगं."

"ह्या घरची रीत म्या सांगते. ओढ दोरी."

"पोरीसंगं कुणीच न्हाई?" बयाबाई पुढे झाली.

"म्या बसले तर होडी उठत न्हाई, बयाबाई." धोंडाबाई हे लेकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

 सावळारामाने दोरी ओढली.

होडी थोडे अंतर रुतून गेली, आणि उठली. नाक खाली आले, बुडाखालचा आवाज पातळ झाला, आणि पाण्यावर एक पांढरी सरळ रेघ मागे राहत गेली. धोंडाबाईंचे ओले हात आपोआप एकमेकांवर थापले जात होते, परातीपाशी बसल्यासारखे. मनातली तिसरी भाकरी तव्यावर पडण्याआधी पलीकडचा आवाज थांबला. होडी मध्यावरून माघारी वळली नव्हती.

"पोचली," बयाबाई म्हणाली. "आमचं मालकबी असंच उतरलं व्हतं, कुणी उठवायच्या आदी. फिटलं, धोंडाबाई. समदं फिटलं बगा."

धोंडाबाईंनी मान हलवली. त्या चालत दुसऱ्या पोत्यापाशी गेल्या, खाली बसल्या आणि लुगड्याच्या काठाची गाठ सोडू लागल्या. गाठ फार आवळून मारलेली होती.